महाजन सर आणि घराण्याचा प्रोस्टेट

बुधवाऱ्यात, म्हणजे आमच्या पेठेत, भर बाजारात, जिलबीवाल्याच्या कढईसमोर महाजन सरांनी मला हाक मारली आणि विचारलं, "मॅडमबाई, तुमचे सासरे रात्री लघवीला किती वेळा उठतात?"

जिलबीवाल्याचा हात कढईवरच थांबला. माझ्या शेजारी आमच्या शाळेतल्या दोन मुलींच्या आया उभ्या होत्या. मी कसंबसं म्हटलं, "सर, ते मला कसं माहीत असणार?"

"माहीत करून घ्या. जीवशास्त्र शिकवता ना? शास्त्राला लाज नसते." एवढं बोलून त्यांनी पाव किलो मावा जिलबी घेतली आणि ते निघून गेले. शास्त्राला नसलेली सगळी लाज माझ्या वाट्याला ठेवून गेले. पुढे महिनाभर मी भाजीला दुसऱ्या गल्लीत जात होते.

महाजन सरांनी मला अकरावी-बारावीत रसायनशास्त्र शिकवलं. पुढे मी त्याच शाळेत नोकरीला लागले आणि त्यांच्या निवृत्तीपर्यंत आठ वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो. कालपर्यंत मला "ए, मागच्या बाकावरची" म्हणणारे सर माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून "मॅडमबाई" आणि "अहो" म्हणायला लागले. पदाला मान द्यायचा, माणूस कोणी का असेना, असा त्यांचा नियम. त्यांचं घर आमच्या घरापासून तिसरं, त्यामुळे निवृत्तीनंतरही माझी सुटका झाली नाही.

त्यांना अंदाजे काही चालत नसे. वेळ विचारली तर "चार वाजून सदतीस" सांगत. चहा काचेच्या बीकरमधून पीत, बरोबर ऐंशी मिलिलीटर. सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कधी पाच मिलिलीटर जास्त ओतला तर तेवढा परत करत. काकू म्हणायच्या, "लग्नासाठी मला पाहायला आले तेव्हा उंची विचारली. मी म्हटलं पाच फूट असेल. तर म्हणे, असेल म्हणजे? नक्की किती?" वर्गात कोणी "बहुतेक" म्हटलं की त्याला उभं करत. चुकीचं उत्तर त्यांना एक वेळ चालायचं, पण सोयीचं उत्तर चालायचं नाही. परीक्षेत एका मार्कानं नापास झालेल्या मुलाचे वडील घरी आले, तर सरांनी त्यांना बीकरमधून चहा पाजला, मुलाला महिनाभर फुकट शिकवायचं कबूल केलं, पण तो एक मार्क काही दिला नाही.

अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर स्मार्टफोन आला. आमच्याकडे रिटायर झालेले लोक फोनवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. सर संशोधनाचे लेख वाचायला लागले. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडमबाई, प्रोस्टेटचं मूळ रक्तात सापडतंय. आणि रक्ताचं मूळ बापात."

ही गोष्ट त्यांच्या मनाला का लागली, ते सांगायला हवं. जसोंडीला, त्यांच्या गावी, घरची केळीची शेती. वडील, ज्यांना सगळे बाबा म्हणत, म्हातारपणी पाणी पिईनासे झाले. लघवीला त्रास होतो, सारखं उठावं लागतं, म्हणून माणसानं पाणीच तोडलं, तेही आमच्याकडच्या उन्हाळ्यात. शेवटी लघवी कोंडली, मूत्रपिंडं गेली आणि बाबा गेले. गाव म्हणालं, वय झालं होतं. सर तेव्हा नुकते एम.एस्सी. होऊन नोकरीला लागले होते. सुट्टीत घरी गेले की बाबांच्या उशाशी झाकलेला तांब्या सकाळी होता तसाच संध्याकाळी भरलेला दिसे. "मी तो रोज पाहिला," सर मला एकदा म्हणाले, "आणि एकदाही विचारलं नाही. रसायनशास्त्रात पहिला वर्ग होता माझा." मला फार वाईट वाटलं.

आणि आता त्यांचे मोठे भाऊ, नाना, तेच करत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे नाना अजून केळीत जात. त्यांनी दुपारनंतर पाणी बंद केलं होतं. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, "मले काय झालं? म्हातारा मानूस मुतनार नही तं काय करनार?" नानांना कसंही करून डॉक्टरपुढे उभं करायचं, बाबांचं झालं ते नानांचं होऊ द्यायचं नाही, हा सरांचा खरा हेतू होता. पण "नाना, मला तुमची काळजी वाटते" असं सरळ म्हणतील तर ते महाजन सर कसले! त्यांनी अख्ख्या घराण्याचा सर्व्हे काढला.

पहिला हल्ला झैनाबादच्या एका लग्नात झाला. तापीपलीकडे पुतण्याचं लग्न, मांडवात वरण-बट्टीची पंगत, आणि सर प्रत्येक साठीच्या पुढच्या पाहुण्याच्या हातात आहेराच्या पाकिटासारखं एक पाकीट देताहेत. लोकांनी आनंदानं घेतली. आत छापील फॉर्म. 'रात्री किती वेळा उठता? धार कशी आहे? (जोरदार / बेताची / थांबत थांबत). वडिलांना त्रास होता का? रक्ताचे जुने रिपोर्ट असल्यास जोडावेत.' नवरदेवाच्या मामानं तो फॉर्म चष्मा न लावता वाचला आणि रुखवताची यादी समजून नवरीच्या आईकडे दिला.

मग सरांना भाषण करावंच लागलं. वरणाची वाटी हातात घेऊन ते पंगतीतच उभे राहिले. "हे वरण म्हणजे आपलं रक्त समजा. त्यात मीठ, हिंग, हळद किती तरी गोष्टी विरघळलेल्या आहेत. तसं आपण खातो त्याची मोडतोड होऊन रक्तात शेकडो बारीक रसायनं फिरतात. कोणाच्यात एखादं जास्त, कोणाच्यात कमी. हे कमीजास्त काही अंशी आईबापाकडूनच ठरून येतं. आता म्हाताऱ्याचं रक्त तपासून कळत नाही की रसायनामुळे प्रोस्टेट वाढला, का प्रोस्टेटच्या त्रासानं माणसानं पाणी सोडलं आणि रसायन बिघडलं. पण आईबापानं दिलेलं हे दुखण्याच्या कितीतरी आधीचं असतं. म्हणून शास्त्रज्ञ जन्माचा वारसा बघतात आणि विचारतात, ज्यांच्या वारशात अमुक रसायन जास्त, त्यांचा प्रोस्टेट जास्त वाढतो का? कळलं?"

पंगत जेवत होती. मग एक आजोबा म्हणाले, "सर, वरनात मीठ कमी हाये, हे मात्र खरं."

भरून आलेले फॉर्म पाहून सर चक्रावले. सगळ्या घराण्यानं 'एकदा' लिहिलं होतं. धार सगळ्यांची जोरदार. नानांचा फॉर्म तर कोराच होता. पंगतीत त्यांची पत्रावळ हलत होती म्हणून त्यांनी तो घडी घालून तिच्याखाली सारला होता. सर म्हणाले, "मॅडमबाई, हे पुरुष खोटं बोलतात." मी म्हटलं, "सर, हे कळायला सर्व्हे कशाला? बायकांना विचारा." मी आपली थट्टेत बोलले. सरांनी लगेच कागदावर दुसरा रकाना आखला, 'पत्नीचे म्हणणे', आणि तो भरण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं.

ते काम मी केलं, आणि खरं सांगते, मजा आली. बायकांना चाळीस-चाळीस वर्षांत कोणी हे विचारलंच नव्हतं. "एकदा? चार डाव उठता! अन् दर डावाले लाइट लावता." "मी तं मोजनं सोडलं, बाई." जसोंडीच्या वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, हाताची पाच बोटं दाखवली आणि मग दुसऱ्या हाताचं एक. नवऱ्याच्या रकान्यात एक आणि बायकोच्या रकान्यात चार, असा घराण्याचा संसार त्या कागदांवर उघडा पडला. फक्त एक घर राहिलं होतं. मी सुमनकाकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "यांचा फॉर्मच नाही. पण मोरीत गेले की माझं अर्धं पारायण होतं, तरी बाहेर येत नाहीत. मी बोलले की म्हणतात, हा प्रश्न मला लागू नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!"

रक्ताच्या बाबतीत मी सरांना स्पष्ट सांगितलं की त्या लेखांतली रसायनं आपल्या गावच्या लॅबमध्ये मोजत नाहीत. इथे साखर आणि कोलेस्टेरॉल मिळेल, फार तर युरिक अ‍ॅसिड. सर म्हणाले, "चालेल. जेवढं मोजता येतं तेवढं मोजायचं." मग त्यांनी नातेवाइकांना रेघा असलेले प्लास्टिकचे मग वाटले, दिवसाची लघवी मोजायला. आठवड्यानं जसोंडीला एका चुलतभावाकडे गेले, तर भावजय त्याच मगानं दूध मोजून पातेल्यात ओतत होती. "तुमीच तं देला, भाऊजी. दुधाले लय चांगला हाये." सरांनी विचारलं, "याआधी कोणी वापरला नाही ना?" ती म्हणाली, "ह्यांनी? ह्यांनी तं हात बी नही लावला." सरांनी चहा घेतला. नंतर मला म्हणाले, "डेटा मिळाला नाही, पण माप अचूक होतं."

वंशावळीसाठी ते भाटाची वाट बघत होते. आमच्याकडे काही घराण्यांचे भाट अजून येतात. लाल कापडात बांधलेली लांबडी वही घेऊन राजस्थानाकडून येतात, ओसरीवर बसतात, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचतात, नवी नावं चढवतात आणि शिधा घेऊन जातात. त्या वहीत मुलगे तेवढे असतात, मुली नाहीत. यावरून मी सरांशी पूर्वी भांडले होते. या वेळी ते म्हणाले, "मॅडमबाई, प्रोस्टेटपुरती ही वही परिपूर्ण आहे."

भाटानं वाचता वाचता म्हटलं, "पुत्र दोय. बड़ा नारायण, छोटा वसंत." नारायण म्हणजे नाना, वसंत म्हणजे सर.

"इथे चूक आहे," सर म्हणाले.

त्या दिवशी मला कळलं की सर जन्मानं महाजन नव्हते. बाबांच्या मळ्यात राबणारं एक जोडपं एकाच उन्हाळ्यात आजारानं गेलं. मागं दोन वर्षांचं पोर राहिलं. बाबांनी ते उचलून घरी आणलं, सहा वर्षांच्या नानांच्या शेजारी पाटावर बसवलं आणि सांगितलं, हा तुझा भाऊ. गावाला माहीत होतं, पण गाव कधी बोललं नाही. बाबांनी भाटाच्या वहीतही तसंच लिहवून घेतलं होतं. आता सरांचं म्हणणं, रक्ताचा अभ्यास आहे, तर नोंद दुरुस्त करा.

भाट हसला. "मास्टरजी, बही में जो चढ़ गया सो चढ़ गया. इसमें खोड़ना नहीं होता." वही मिटून तो शिधा बांधायला लागला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, हे अशास्त्रीय."

भाटानं केली नाही ती दुरुस्ती सरांनी स्वतः केली. एका कोचिंग क्लासच्या जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर त्यांनी सगळं झाड काढलं. ज्यांना त्रास त्यांची नावं निळी, ज्यांचा संशय त्यांची हिरवी. नानांच्या नावाभोवती निळा गोल आणि प्रश्नचिन्ह. आणि खाली कोपऱ्यात, तुटक रेषेनं जोडलेलं, बिनरंगाचं: 'वसंत. रक्तसंबंध नाही. अभ्यासातून वगळले.'

मी म्हटलं, "सर, वय झालं की हा त्रास कोणालाही होतो. वारसा थोडंफार इकडंतिकडं करतो, एवढंच. तुम्हीही एकदा तपासून घ्या."

"माझ्या रक्तात बाबांचं काही नाही," ते म्हणाले. "या कागदावर माझा प्रश्नच येत नाही."

नेमके त्याच आठवड्यात नाना केळीची फणी घेऊन बुधवाऱ्यात सरांकडे आले. मी बायकांचा रकाना द्यायला तिथे बसले होते. सर उत्साहानं नानांना फ्लेक्सपुढे घेऊन गेले. बाबा दाखवले, काका दाखवले, निळा गोल दाखवला आणि म्हणाले, "आता तरी चला डॉक्टरकडे." नाना गोलाकडे बघतच नव्हते. ते बोटानं खालची नावं शोधत होते.

"तू कुठी हायेस याच्यात?"

सरांनी कोपरा दाखवला. नानांनी ती तुटक रेघ बघितली. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितली.

"अडसष्ट वरीस झाले," नाना म्हणाले. "एका ताटात जेवलो आपन. बाबानं मले लाथ मारली तं तुले बी मारली. आन आता तू मुताच्या कागदावरून येगळा झाला?"

"नाना, हे शास्त्र आहे. रक्ताचं..."

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. मले डॉक्टर नही पाहिजे न् काही नही." चहा न घेता नाना पायऱ्या उतरले आणि बसस्टँडकडे चालू लागले.

त्यानंतर नानांनी फोन उचलला नाही. वहिनी सुमनकाकूंना सांगत की आता तर ते सकाळचं पाणीही अर्धंच पितात, हट्टानं. सर आठ दिवसांत वाळले. बीकरमध्ये चहा तसाच राही. एका दुपारी मला म्हणाले, "मी खोटं काय लिहिलं, मॅडमबाई?" मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती. मी म्हटलं, "खोटं नाहीच लिहिलं, सर. तीच तर चूक झाली."

नवव्या दिवशी ते जसोंडीला गेले. काय बोलणं झालं ते मला वहिनींकडून कळलं. सर म्हणाले, मी पाया पडतो, पण डॉक्टरकडे चला. नाना म्हणाले, "येतो. पन तू बी दाखवशील. भाऊ हायेस तं दुखनं दोघांचं निंघन. तुझं नही पाह्यलं तं माझं बी नही." सरांनी पुष्कळ समजावलं की माझी तपासणी निरर्थक आहे, मी गटाबाहेरचा आहे. नाना खाटेवर आडवे झाले. शेवटी सरांनी कबूल केलं. आपल्या तपासणीचं नाटक करून का होईना, भावाला डॉक्टरकडे नेतो आहोत, याच समाधानात ते होते.

जळगावच्या एका डॉक्टरांकडे दोघांची सोनोग्राफी झाली. आधी भरल्या मूत्राशयानं, मग लघवी करून पुन्हा. काकू आणि मी बाहेर बाकावर होतो. नाना दहा मिनिटांत बाहेर आले. प्रोस्टेट वाढलाय, गोळ्या लिहून दिल्या, पाणी प्यायला सांगितलं, बाकी ठीक. सर मात्र आतून येईनात. डॉक्टरांनी त्यांना दोनदा लघवी करायला पाठवलं, पण मूत्राशय होतं तसंच भरलेलं होतं. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टर चिडून म्हणाले, "आजोबा, मूत्रपिंडांवर ताण आलाय. अजून दोन महिने काढले असते तर डायलिसिसच. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

अख्ख्या घराण्याची लघवी मोजणारा माणूस आपलाच रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. काकू रडायला लागल्या आणि रडता रडताच त्यांना बोलत होत्या. नाना उठले आणि पाण्याची बाटली घेऊन आले. मग ती कोणाला द्यावी हे न कळून स्वतःच अर्धी प्यायले.

तेव्हाच नळी घालून पिशवी लावली. मूत्रपिंडं थोडी सावरली की दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. ते चांगलं झालं. सर पुढे तीन वर्षं छान जगले, गेल्या वर्षी गेले ते हृदयविकारानं. प्रोस्टेटचा काही संबंध नव्हता, याची त्यांना निश्चित नोंद ठेवावीशी वाटली असती. पुढच्या काळातले सर मी रोज पाहिले, तरी त्यांची आठवण आली की मला ऑपरेशनसाठी दाखल व्हायचा तो दिवसच दिसतो.

दवाखान्यात टेबलापाशी एक तरुण डॉक्टरीणबाई केसपेपर भरत होती. सर खुर्चीवर बसलेले. शेजारी नाना उभे, सरांच्या लघवीची पिशवी हातात धरून. स्टँड असतं, त्याला अडकवा, असं नर्सनं दोनदा सांगितलं होतं, पण नाना सोडायला तयार नव्हते. नाव, वय, शुगर, बीपी झालं. सर प्रत्येक उत्तर दशांश चिन्हासकट देत होते. मग तिनं विचारलं, "घरात रक्ताच्या नात्यात कोणाला प्रोस्टेटचा त्रास?"

मला वाटलं, आता ही बिचारी सापडली. आता वरण येणार, वारसा येणार, गटाबाहेरची माणसं येणार. नाना भिंतीकडे बघत होते.

"आहे," सर म्हणाले. "भावाला आहे."

"सख्खा भाऊ?"

"सख्खा," सर म्हणाले. "आणि वडिलांना होता. त्यातच गेले ते."

तिनं लिहून घेतलं. मी जीवशास्त्राची बाई, शेजारी उभी होते. ते चूक आहे हे मला माहीत होतं, आणि मी तोंड मिटून राहिले. नानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळ्या हातानं सरांच्या सदऱ्याची मागची कॉलर नीट केली.